समुद्रजीवांची शिदोरी

पावसाळा ओसरून मासेमारी सुरळीत सुरू झाली की मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात तारली येऊ लागते. या दिवसांतील तारली तव्यावर टाकली की तिचे स्वतःचेच तेल सुटते. तीच तारली उन्हाळ्याच्या अखेरीस आणली तर कोरडी लागते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मासा तोच, समुद्रही तोच. मग हे तेल येते कोठून आणि जाते कोठे?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरात वन्य प्राण्यांच्या जीवनाचे एक मोठे सूत्र दडलेले आहे. प्रत्येक प्राणी आपल्याजवळ ऊर्जेची मोजकी शिदोरी घेऊन जगत असतो. ही शिदोरी तो कशी मिळवितो, कशी राखतो आणि संकटसमयी कशी पुरवितो, यावर त्याचे आणि त्याच्या संततीचे भवितव्य ठरते. आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील काही जीवांच्या आधारे हे सूत्र समजून घेण्याचा आमचा प्रयत्न आहे. आपल्यापैकी अनेकांचा चरितार्थ याच समुद्रावर चालतो, म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

जमा आणि खर्च

प्राण्याची जमेची बाजू एकच असते, ती म्हणजे अन्न. खर्चाच्या बाजू मात्र अनेक. हृदयाचे स्पंदन, श्वासोच्छ्वास, पेशींची झीज भरून काढणे हा पहिला खर्च. प्राणी स्वस्थ पडून असला तरी तो टळत नाही. त्यानंतर हालचाल, शरीराचे तापमान राखणे, रोगांशी लढणे, वाढ आणि सर्वांत शेवटी प्रजनन. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मिळकत घटली की प्राणी प्रथम प्रजननाला कात्री लावतो, कारण तो खर्च पुढे ढकलता येतो. हृदयाचे स्पंदन पुढे ढकलता येत नाही.

कोणत्या प्राण्याला किती ऊर्जा लागते, याचा एक ढोबळ नियम मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली मांडला. शरीराचे वजन सोळा पट वाढले तर ऊर्जेची गरज सोळा पट न वाढता साधारण आठ पटच वाढते. म्हणजेच मोठा प्राणी एकूण जास्त खात असला तरी वजनाच्या मानाने त्याला कमी पुरते, तर लहान प्राण्याला सतत खात राहावे लागते. मोठा जीव काही काळ उपाशी राहू शकतो. चिमुकल्या जीवाचा मात्र एखादा दिवस चुकला तरी त्याच्या प्राणावर बेतते.

दुसरा भेद रक्ताच्या उष्णतेचा. डॉल्फिन आपल्यासारखाच उष्ण रक्ताचा प्राणी आहे. त्याला शरीर उबदार राखण्यासाठी रात्रंदिवस इंधन जाळावे लागते. मासे आणि बहुतेक सरपटणारे प्राणी हा खर्च करीत नाहीत. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत सरपटणाऱ्या प्राण्याला साधारण एक दशांश ऊर्जा पुरते. मात्र ही काटकसर फुकट मिळत नाही. अशा प्राण्यांचे शरीर भोवतालच्या तापमानावर अवलंबून असते आणि पाणी तापले की त्यांचा खर्चही आपोआप वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढले तर त्यांच्या चयापचयाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो.

तीन वाटा

ऋतू बदलतात, अन्न कधी मुबलक असते तर कधी दुर्मीळ. या चढउतारांना तोंड देण्याच्या प्रामुख्याने तीन वाटा निसर्गात दिसतात.

पहिली वाट साठवणीची. आपली तारली याच वाटेने जाते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड व पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती आणि सूक्ष्म जीव भरभरून वाढतात. पावसाळ्यात अंडी घालून रिती झालेली तारली या प्लवकांवर ताव मारते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तिच्या अंगात तेल भरते. तव्यावर सुटते ते हेच तेल. पुढे अन्न कमी होते, अंडी तयार होऊ लागतात आणि हा साठा खर्ची पडतो. उन्हाळ्यातील कोरड्या तारलीचे तेल कोठे गेले, याचे उत्तर असे आहे की त्याची अंडी झाली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला जी बंदी असते, तिच्यामागे अनेक मासळींच्या विणीला निवांतपणा मिळावा हा हेतू आहे.

दुसरी वाट खर्च आखडण्याची. पावसाळ्यात शेतमळ्यांतून रात्रभर ओरडणारे बेडूक पाणी आटल्यावर दिसेनासे होतात. त्यांतील अनेक जाती ओलसर मातीत, दगडांखाली किंवा भेगांत शिरून शरीराचा व्यवहार अगदी मंद करतात आणि पहिल्या पावसापर्यंत थोडक्या पुंजीवर तग धरतात.

तिसरी वाट स्थलांतराची. हिवाळ्यात आपल्या बंदरांवर आणि खाड्यांच्या मुखाशी जमणारे कुरव पक्षी दूर उत्तरेकडील थंडी टाळून येथे येतात. प्रवास महाग असतो, परंतु बर्फाळ प्रदेशात अन्नाविना राहणे त्याहून महाग पडते.

कासवाचा लांब पल्ला

साठवण आणि प्रवास या दोन्ही वाटा एकत्र पाहावयाच्या असतील तर ऑलिव्ह रिडले कासवाकडे पाहावे. वायंगणी, तांबळडेग, शिरोडा अशा आपल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत या कासवाच्या माद्या रात्री वाळूवर येऊन अंडी घालतात. प्रौढ कासवाचे वजन साधारण ३५ ते ५० किलो भरते. खेकडे, कोळंबी, शंख-शिंपले आणि जेलीफिश हे त्याचे अन्न.

या माद्या किती दूर जातात, हे आता उपग्रहाच्या साहाय्याने कळू लागले आहे. महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०२२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले व गुहागर येथे पाच माद्यांच्या कवचावर उपग्रह संदेशक बसविले. त्यांना प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री अशी नावे देण्यात आली. २०२३ साली गुहागर येथे आणखी दोघींना संदेशक लावण्यात आले. त्यांतील बागेश्री ही श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोहोचली. याउलट, ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागर येथे अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांची आपसांत ये-जा आहे, हे या नोंदींवरून दिसते.

एवढा पल्ला गाठून मादी जेव्हा आपल्या वाळूवर येते, तेव्हा तिची अंडी तयार झालेली असतात ती मुख्यत्वे आधी साठविलेल्या चरबीतून. समुद्रात पाण्याच्या आधाराने सहज पोहणारे हे शरीर वाळूवर स्वतःचा संपूर्ण भार ओढत चढते, मागील पायांनी खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजविते आणि परत फिरते. अशा वेळी किनाऱ्यावर प्रखर दिवे असले, माणसांची वर्दळ असली, विजेऱ्यांचे झोत अंगावर पडले तर ती पुष्कळदा अंडी न घालताच समुद्रात परतते. अंडी पोटात ठेवून तिला पुन्हा दुसऱ्या ठिकाणी किंवा दुसऱ्या रात्री तोच खटाटोप करावा लागतो. तिला कोणी इजा केलेली नसते, तरीही तिच्या मोजक्या शिदोरीतला एक वाटा व्यर्थ गेलेला असतो.

पिल्लांची पुंजी

साधारण ४५ ते ६० दिवसांनी अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात. आपल्याकडे पुष्कळ घरट्यांतील पिल्ले प्रायश्चित्तकाळाच्या सुमारास निघतात. पिल्लाचे वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. अंड्यातील बलकाचा जो अंश पोटात उरलेला असतो, तेवढीच त्याची आयुष्याच्या आरंभीची पुंजी. वाळूखालून वर येणे हेच त्यातले पहिले कष्टाचे काम असते. पिल्ले ते एकत्र करतात. एकाच्या हालचालीने दुसऱ्याला वाट मिळते आणि प्रत्येकाचा खर्च कमी होतो. वरची वाळू तापलेली असेल तर ती थांबतात आणि रात्री गारवा आल्यावर बाहेर पडतात.

त्यानंतर उजळ क्षितिजाच्या दिशेने धाव. मनुष्यवस्ती नसलेल्या किनाऱ्यावर रात्रीचे सर्वांत उजळ क्षितिज समुद्राचे असते. हॉटेलचा किंवा रस्त्याचा दिवा त्याहून उजळ असेल तर पिल्ले उलट दिशेने वळतात. पाण्यात पोहोचल्यावर ती सुमारे एक दिवस न थांबता पोहत राहतात, कारण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात भक्षकांची संख्या मोठी असते. उरलेला बलक मुख्यतः या धावेसाठी असतो. तो आधीच संपला तर पिल्लू भक्षकांच्या टापूतच थकून जाते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. अंड्यांच्या रक्षणाचे मोठे कार्य कोकणात झाले आहे. २००२ साली वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आरंभ केला. पुढे वन विभाग आणि गावोगावचे कासवमित्र यांनी आपल्या जिल्ह्यातही अंडी कुंपणात सुरक्षित ठेवून पिल्ले समुद्रात सोडण्याचे काम केले. जी अंडी पूर्वी खाण्यासाठी उकरली जात, ती आज राखली जातात, हे थोडे नव्हे. परंतु पिल्ले सोडण्याचा सोहळा पाहावयास पर्यटक येऊ लागले की पाहुणे जमेपर्यंत पिल्ले टबात ठेवण्याचा मोह होतो. मलेशियात हिरव्या कासवांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उबवणी केंद्रात तासन्‌तास अडकून राहिलेल्या पिल्लांचा पोहण्याचा वेग मंदावलेला आढळला. टबात पाय मारणारे पिल्लू पाहणाऱ्याला उत्साही दिसते. वस्तुतः ते समुद्रासाठी राखलेली पुंजी प्लास्टिकच्या भिंतीवर उधळीत असते.

वाळूच्या तापमानाचा प्रश्न वेगळाच आहे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्याच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक होतात आणि त्याहून तापली तर अंडीच वाया जातात. उघड्या वाळूवर सुरूच्या किंवा जाळीच्या सावलीला म्हणूनच महत्त्व आहे.

दगडासारखा दिसणारा प्राणी

मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, प्रवाळांची वस्ती आहे. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांचा समूह आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा भाग यजमानाला देतात. प्रवाळाच्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूंकडून येऊ शकते.

पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे जास्त राहिले, तरी हे सहजीवन मोडते. प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. त्याची कमाई थांबलेली असते आणि तो उरल्यासुरल्या साठ्यावर दिवस काढीत असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाले पुन्हा वस्तीला येतात. न निवले तर प्रवाळ उपासमारीने मरतो. २०१४ ते २०१७ या काळात जगभर विरंजनाची मोठी लाट आली, तेव्हा मालवणच्या प्रवाळांतही संशोधकांना विरंजन आढळले. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली.

समुद्राचे तापमान आपण गावात बसून उतरवू शकत नाही. परंतु प्रवाळाचा इतर खर्च वाढविणे वा न वाढविणे आपल्या हाती आहे. अंगावर गाळ बसला की प्रवाळाला तो बुळबुळीत स्राव सोडून झटकावा लागतो आणि त्या स्रावात त्याची ऊर्जा जाते. आपल्या नद्या पावसाळ्यात भरपूर गाळ आणतात, त्यामुळे मालवणचा प्रवाळ आधीच तारेवरची कसरत करीत असतो. त्यात नौकेचा नांगर त्याच्यावर पडला किंवा स्नॉर्केलिंग करणारा पर्यटक दम घेण्यासाठी त्याच्यावर उभा राहिला, तर जखम भरण्याचा खर्च वाढतो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याच्या निर्बंधांविषयी स्थानिक मच्छीमारांचे आक्षेप आहेत आणि ते ऐकून घेतले गेले पाहिजेत. परंतु प्रवाळांच्या आडोशाने अनेक मासळींची पिल्ले वाढतात, हेही मच्छीमारांइतके कोणाला ठाऊक असणार?

डॉल्फिनचा चुकलेला घास

देवबाग-तारकर्लीच्या समुद्रात दिसणारा कुबड असलेला डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत २०१७ पासून ही जात संकटग्रस्त गणली गेली आहे. उष्ण रक्ताच्या या प्राण्याला नियमित आहार लागतो. मादीच्या अंगावर पिल्लू पीत असेल तर तिची गरज आणखी वाढते.

पर्यटकांची नौका जवळ आली तर डॉल्फिनचे काय बिघडते, असा प्रश्न सहज येतो. तो दूर पोहून जाईल, थोडे कष्ट पडतील, इतकेच ना? कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर किलर व्हेल या डॉल्फिनकुळातील प्राण्यांवर केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचे हिशेबी उत्तर दिले. नौकांच्या सान्निध्यात त्यांचा ऊर्जेचा खर्च तीन-चार टक्क्यांनीच वाढण्याचा अंदाज निघाला. परंतु नौका जवळ असताना ते शिकार करणे सोडून देत आणि त्यामुळे त्यांची मिळकत सुमारे १८ टक्क्यांनी घटण्याचा संभव दिसला. पळण्याच्या श्रमापेक्षा चुकलेला घास कितीतरी महाग पडतो.

मच्छीमारांच्या तक्रारीचा उलगडाही याच हिशेबातून होतो. डॉल्फिन जाळ्यातील मासळी ओरबाडतो आणि जाळे फाटते, हे गाऱ्हाणे आपल्या किनाऱ्यावर जुनेच आहे. मोकळी मासळी पाठलाग करून धरावी लागते, जाळ्यात अडकलेली श्रमावाचून मिळते. समुद्रात मासळी जितकी विरळ होईल, तितका डॉल्फिन जाळ्याकडे वळण्याचा संभव अधिक. एकच दुष्काळ दोघांनाही एकाच ताटाशी आणतो. यात होणारे नुकसान गरीब मच्छीमाराचे असते आणि त्याची दखल घेतल्यावाचून संवर्धनाच्या गोष्टी करणे न्याय्य ठरणार नाही.

आपल्या हाती काय आहे

वरील सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. प्राण्याला ठार न मारताही त्याची शिदोरी आपण रिती करू शकतो. त्याचे परिणाम चटकन दिसत नाहीत. मादी जिवंत असते, पण अंडी घालू शकत नाही. डॉल्फिन दिसत राहतो, पण त्याची पिल्ले जगत नाहीत. काही वर्षांनी समुद्र ओस पडल्यावर कारण शोधू जावे तर कोणताही एक गुन्हेगार सापडत नाही. म्हणून काही साध्या गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

किनाऱ्यालगत ज्यांची घरे, खानावळी वा निवास व्यवस्था आहेत, त्यांनी कासवांच्या हंगामात समुद्राच्या दिशेचे दिवे रात्री मालवावेत किंवा आडोशाला घ्यावेत. पिल्ले सोडताना पाहुण्यांची वेळ न पाहता पिल्लांची वेळ पाहावी आणि छायाचित्रासाठी प्रकाशझोत टाकू नये. पर्यटकांना नेणाऱ्या नौकाचालकांनी डॉल्फिनच्या मागे धावू नये, त्यांना घेरू नये, गती मंद ठेवावी आणि थोड्या वेळात परत फिरावे. प्रवाळावर नांगर टाकू नये व कोणालाही उभे राहू देऊ नये.

मच्छीमार बांधवांसाठी एक माहिती विशेष उपयोगाची आहे. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलेले कासव श्वास कोंडल्यामुळे निपचित होते आणि मेल्यासारखे भासते. अंगात साचलेले आम्ल निवळून पूर्ववत होण्यास त्याला पुष्कळ तास लागू शकतात. त्याला तसेच समुद्रात टाकले तर ते बुडून मरते. त्याऐवजी त्याला सरळ, पोटावर ठेवावे. मागची बाजू वीतभर उंच करावी. सावलीत ठेवून अंगावर ओले फडके घालावे, मात्र नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. शुद्धीवर येण्यासाठी त्याला चोवीस तासांपर्यंत वेळ द्यावा आणि हालचाल करू लागल्यावर इंजिन थांबवून अलगद पाण्यात सोडावे.

संरक्षित सागरी प्राण्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले तर भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सुरू केली असून तिची मूळ मर्यादा २५ हजार रुपये होती. त्यासाठी छायाचित्रांचा पुरावा लागतो. मोबाईल प्रत्येक नौकेवर असतोच. कासव सोडविताना खलाशांपैकी एकाने छायाचित्रे घ्यावीत आणि अर्जाविषयी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. जाळ्याचे मोल मच्छीमाराच्या घरात काय असते, हे आम्ही जाणतो. ते कापणाऱ्या हातांना त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी मासळीचा हंगाम ओळखला, विणीचा काळ ओळखला आणि पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवल्या. समुद्रालाही भरून येण्यास अवधी लागतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. तारलीत पुन्हा तेल भरावे असे वाटत असेल तर तिला खाऊ-पिऊ देणारा आणि वीण पुरी करू देणारा समुद्र राखणे हे आपलेच काम आहे.